हमीपत्राची मुदत आणि खरेदीदाराचा हक्क : लॅपटॉपमधील सुप्त दोषाच्या संदर्भात

लॅपटॉपबरोबर मिळणाऱ्या हमीपत्रावर बहुधा एक वर्षाची मुदत छापलेली असते. ती संपून दोन महिने लोटल्यावर यंत्र बंद पडले, तर सेवाकेंद्रात 'हमी संपली' एवढेच उत्तर मिळते. आणि ते ऐकणारा मनुष्य, मग तो विधिशास्त्राचा पदवीधर का असेना, बहुतेक वेळा निमूटपणे परत फिरतो. त्या दोन शब्दांत एक अनुमान दडलेले असते व ते ऐकणाऱ्याने नकळत मान्य केलेले असते. हमी संपली, म्हणून हक्कही संपला, असे ते अनुमान होय. भारतीय कायद्यात त्याला कितपत आधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. कोराडी येथे राहणाऱ्या व नागपूरला पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने सीताबर्डीवरील दुकानातून ५५,००० रुपयांस लॅपटॉप घेतला. हमी एक वर्षाची. चौदाव्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, प्रबंधाचे दोन अध्याय लिहून झाले असता यंत्र बंद पडले. सेवाकेंद्राने मदरबोर्ड निकामी झाल्याचे सांगितले व २८,००० रुपयांचा अंदाज दिला. दुकानदार म्हणतो, 'कंपनीकडे जा'; कंपनी म्हणते, 'मुदत गेली'. यंत्र पडले नाही, त्यावर पाणी सांडले नाही, ते कोणी उघडलेही नाही. या विद्यार्थिनीपाशी कोणते हक्क उरतात?

प्रथम हमीपत्राचे स्वरूप पाहू. मराठीत आपण 'गॅरंटी' व 'वॉरंटी' या दोहोंनाही हमी म्हणतो, आणि मालविक्री अधिनियमातील तांत्रिक संज्ञेसाठीही तोच शब्द योजतो. विषयातील पुष्कळसा गोंधळ या एकाच शब्दाने माजविला आहे. लॅपटॉपच्या पेटीत येणारे हमीपत्र हे उत्पादकाचे वचन असते. ठरलेल्या काळात एखादा भाग सदोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, इतकाच त्याचा आशय. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा आशय काटेकोरपणे लावला : हमीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर तिच्या आधारे संपूर्ण मोटार बदलून मागता येत नाही. हा निर्णय ग्राहकाविरुद्ध गेला खरा. परंतु त्यातील तर्क दुधारी आहे. हमीपत्रातून हमीपत्रात लिहिले आहे तेवढेच मिळते, हे एकदा मान्य केले, की हमीपत्राची मुदत संपल्यावर त्यात लिहिले आहे तेवढेच संपते, हेही मान्य करावे लागते. जो हक्क मुळात त्या कागदातून जन्मलाच नव्हता, तो त्या कागदाबरोबर मरणार कसा?

असा दुसरा हक्क आहे. मालविक्रीचे नियम पूर्वी १८७२ च्या करार अधिनियमाच्या सातव्या प्रकरणात होते. ते काढून १९३० साली स्वतंत्र मालविक्री अधिनियम करण्यात आला. त्याची घडण बव्हंशी इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेली आहे. खरेदीदाराने स्वतः सावध राहावे, हे जुने तत्त्व कलम १६ च्या आरंभी मानले आहे आणि लगेच त्याला अपवाद जोडले आहेत. त्यांतील दोन आपल्या कामाचे. खरेदीदाराने आपले विशिष्ट प्रयोजन विक्रेत्यास कळविले असेल व तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर माल त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे. तसेच त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो विक्रेय गुणवत्तेचा असला पाहिजे. या गर्भित शर्ती होत. कराराच्या कागदावर त्या उमटत नाहीत, तरी कायदा त्या करारात वाचतो. मालाची तपासणी केली असता जो दोष दिसला असता, त्याबद्दल मात्र तक्रार चालत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत हा अपवाद निरुपद्रवी आहे, कारण दुकानात यंत्र चालू करून पाहणाऱ्या ग्राहकास मदरबोर्डावरील सांध्याची तड दिसणे शक्य नसते.

याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. व्यक्त हमी वा शर्त दिल्याने गर्भित शर्त रद्द होत नाही; उभयतांत विसंगती असेल तरच ती मागे सरते, असे ते सांगते. 'एक वर्षात बिघडल्यास फुकट दुरुस्त करू' हे वचन आणि 'विकतेवेळी माल विक्रेय असला पाहिजे' ही शर्त यांत विसंगती कोणती? माझ्या मते कोणतीही नाही. पहिले वचन दोष कोणत्या कारणाने उद्भवला याची फारशी चौकशी न करता सेवा देऊ करते. दुसरी शर्त यंत्र ग्राहकाच्या हाती आले त्या क्षणीच्या अवस्थेविषयी बोलते.

'त्या क्षणीच्या' या शब्दांवर सारा वाद येऊन ठेपतो. गर्भित शर्तीचा भंग झाला की नाही, हे माल सुपूर्द केला त्या वेळच्या स्थितीवरून ठरते. मग चौदाव्या महिन्यातील बिघाडाचा तिच्याशी संबंध काय? इंग्लंडच्या न्यायालयांनी याचे समर्पक उत्तर दिले आहे. क्राउथर विरुद्ध शॅनन मोटर कंपनी या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात ८२,००० मैल चाललेली जुनी जॅग्वार मोटार विकत घेतल्यावर सुमारे २,३०० मैलांतच तिचे इंजिन निकामी झाले. आधीच्या मालकाने साक्ष दिली, की विक्रीच्या वेळीच इंजिन मोडकळीस आलेले होते. न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. नंतरचा बिघाड हा विक्रीच्या वेळच्या स्थितीचा पुरावा ठरू शकतो, हे या निर्णयाचे सार. पुढे लॅम्बर्ट विरुद्ध लुइस या १९८१ च्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या लॉर्ड डिप्लॉक यांनी असे म्हटले, की मालाच्या योग्यतेची हमी सुपूर्दगीनंतर वाजवी काळपर्यंत चालू राहते. वाजवी काळ किती, हे मालाच्या जातीवर अवलंबून राहणार. पन्नास-साठ हजारांच्या यंत्राचा वाजवी काळ तेरा महिन्यांहून अधिक असला पाहिजे, हे सिद्ध करण्यास फारसे पांडित्य नको. हे निर्णय भारतीय न्यायासनांवर बंधनकारक नाहीत. परंतु आपले कलम १६ ज्या कायद्यावरून घेतले त्याच परंपरेतील असल्याने त्यांना अनुनयी महत्त्व आहे.

हमी संपल्यावर हक्क उरतो, पण त्याची सिद्धी अवघड होते. मुदतीच्या आत दोष दाखविणे पुरेसे असते. मुदतीनंतर दोषाचा जन्म केव्हा झाला, हे दाखवावे लागते. म्हणून हमीच्या मुदतीचे खरे कार्य शाबितीच्या भाराशी निगडित आहे, असे मला वाटते.

हे दाखविणे सर्वस्वी अशक्य नाही, याचा दाखला लॅपटॉपच्याच इतिहासात आहे. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही जुन्या ग्राफिक्स चिपांच्या बांधणीत वापरलेले साहित्य कमकुवत असून लॅपटॉपमध्ये त्या नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत आहेत. त्यापोटी तिने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. येथे दोषाची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. चिप कामाला लागली की तापते, यंत्र बंद केले की निवते. चिपचे सिलिकॉन, तिच्याखालची पट्टी आणि त्यांना जोडणारे सोल्डरचे सूक्ष्म थेंब हे तिन्ही पदार्थ निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. प्रत्येक वेळी सांध्यावर ताण येतो. साहित्य योग्य निवडले असेल तर तो वर्षानुवर्षे सोसला जातो, अयोग्य असेल तर काही शे वेळा तापून-निवून झाल्यावर सांध्यात तड जाते. यंत्र पहिल्या दिवशी निर्दोष चालते, आणि तरीही पहिल्या दिवसापासून सदोष असते. अशा दोषास सुप्त दोष म्हणतात. त्या प्रकरणात ॲपलने आपल्या काही मॅकबुक प्रो यंत्रांची दुरुस्ती हमी संपली असली तरी विनामूल्य देऊ केली. आरंभी खरेदीपासून दोन वर्षांपर्यंत व नंतर मुदत वाढवीत चार वर्षांपर्यंत. इतर लॅपटॉप-उत्पादकांनीही काही प्रतिमानांची हमी वाढविली आणि अमेरिकेतील सामूहिक दाव्याची तडजोड २०१० मध्ये झाली. वैयक्तिक तक्रारदारास यातून एक धडा घेता येतो : आपल्याच प्रतिमानाबद्दल उत्पादकाने जगात कोठे अशी वाढीव सेवा जाहीर केली आहे काय, हे शोधावे. असे जाहीर निवेदन प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच वजनदार ठरू शकते.

तापण्या-निवण्याचा विषय निघालाच आहे, तर नागपूर परिसराचा विशेष विचार करावा लागतो. अनेक उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांत लॅपटॉप चालविण्यास योग्य असे भोवतालच्या हवेचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी ३५ अंशांखाली तापमान राहणे त्या दिवसांत दुर्मिळच. कोराडीत त्यात औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या धुळीची भर. ६६० मेगावॅटचे तीन संच ज्या गावात वीज निर्माण करतात, त्याच गावातील विद्यार्थिनीस 'धूळ, उष्णता व विजेच्या दाबातील चढउतार यांमुळे झालेला बिघाड हमीत येत नाही' हे कलम वाचून दाखविले जावे, यातील विसंगती सोडून देऊ. पण कायद्याच्या दृष्टीने प्रश्न खरा आहे. उत्पादक म्हणणार, की यंत्र अयोग्य वातावरणात वापरले. यावर ग्राहकाचे उत्तर असे असू शकते : यंत्र सीताबर्डीवर विकले गेले, ते कोठे वापरले जाणार हे विक्रेत्यास ठाऊक होते, आणि विक्रेय गुणवत्ता ही ज्या बाजारात माल विकला त्या बाजारातील सर्वसाधारण वापरावरूनच मोजली पाहिजे. नागपुरात उन्हाळ्यात न चालणारे यंत्र नागपुरात विकताना तसे स्पष्ट सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते. पत्रकाच्या शेवटच्या पानावरील एक आकडा म्हणजे सांगणे नव्हे. हा युक्तिवाद मला सबळ वाटतो. त्यात एक धोका मात्र आहे. विद्यार्थिनी अंथरुणावर, हवा जाण्याची छिद्रे झाकून यंत्र वापरीत होती असे दिसून आले, तर तो तेथेच कोसळेल.

शाबितीच्या बाबतीत इतर देशांनी ग्राहकास जो आधार दिला, तो आपल्याकडे नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार विक्रेत्याचे दायित्व किमान दोन वर्षांचे असते, व पहिल्या वर्षात प्रकट झालेला दोष सुपूर्दगीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क अधिनियमात हे गृहीतक सहा महिन्यांचे आहे, आणि टिकाऊपणा हा गुणवत्तेचा घटक असल्याचे तेथे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या कायद्यात ना गृहीतक, ना टिकाऊपणाचा उल्लेख. भारतीय मानकांचाही येथे उपयोग होत नाही. २०१२ च्या आदेशाने लॅपटॉपसाठी भारतीय मानक १३२५२ नुसार नोंदणी सक्तीची झाली खरी. परंतु ते मानक विजेचा धक्का, आग इत्यादींपासून सुरक्षिततेचे आहे, यंत्र किती वर्षे टिकावे याचे नव्हे.

असे असता भर कागदपत्रांवर द्यावा लागतो. सेवाकेंद्राच्या जॉबशीटवर 'मदरबोर्ड निकामी' एवढेच लिहिलेले असते. निकामी होण्याचे कारण, तसेच बाह्य आघाताच्या वा द्रवाच्या खुणा नसल्याची नोंद लेखी मागून घ्यावी. यंत्र परक्या कारागिराकडून उघडून घेऊ नये, निदान तक्रार दाखल होईपर्यंत. हमीच्या काळात यंत्र अतिशय तापणे, मध्येच बंद पडणे अशी तक्रार एकदाही लेखी केली असेल, तर तो कागद जिवापाड जपावा; कारण मुदतीत कळविलेला व न मिटलेला दोष मुदत संपल्याने उत्पादकाच्या अंगावरून उतरत नाही, अशीच ग्राहक आयोगांची साधारण भूमिका राहिली आहे. दोष परीक्षेवाचून ठरविता येत नसेल, तर यंत्र योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ ने आयोगास दिला आहे. तिचे शुल्क आरंभी तक्रारदारानेच भरावयाचे असते.

हमीपत्राच्या शेवटी बारीक टाइपात 'याव्यतिरिक्त कोणतीही व्यक्त वा गर्भित हमी नाही' असे वाक्य असते. मालविक्री अधिनियमाच्या कलम ६२ नुसार गर्भित शर्ती कराराने वगळता येतात, तेव्हा हे वाक्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. त्यावर पहिले उत्तर असे, की तो कागद उत्पादकाचा आहे. गर्भित शर्त विक्रेत्यावर आहे, आणि पेटी फोडल्यावर हाती येणारा कागद विक्रीच्या कराराचा भाग झालाच कसा? दुसरे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने, कपडे हरवल्यास किमतीच्या १५ टक्केच भरपाई देऊ, ही धुलाईच्या पावतीवरील छापील अट अमान्य केली. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली (१९८६) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विषम बळाच्या पक्षांमधील अन्याय्य अट शून्य ठरविली. उलट भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल (१९९६) मध्ये स्वाक्षरी केलेल्या कागदावरील दायित्वमर्यादा त्याच न्यायालयाने ग्राहकावर बंधनकारक धरली. स्वाक्षरीचा हा भेद ध्यानात ठेवावा. २०१९ च्या अधिनियमात 'अनुचित करार' ही नवी संकल्पना आली आहे. पण त्याविषयीची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगास दिलेला नाही, त्यासाठी थेट राज्य आयोगाकडे जावे लागते. ज्याच्या हिताची तरतूद, त्याच्या दारापासून ती दूर ठेवण्यामागचा हेतू मला उमगलेला नाही.

याच अधिनियमातील 'उत्पादन दायित्व' या प्रकरणाने अनेकांची दिशाभूल होते. उत्पादकाने निष्काळजीपणा केला नसला तरी तो जबाबदार धरला जातो, हे वाचून आपल्या विद्यार्थिनीस हायसे वाटेल. तथापि कलम २(२२) मधील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची झालेली हानी वगळली आहे. लॅपटॉपची बॅटरी पेटून घर जळाले तर हे प्रकरण लागू. लॅपटॉप नुसता मेला तर नाही.

तिचा मार्ग साधा 'दोषा'च्या तक्रारीचा आहे. दोषाच्या व्याख्येत व्यक्त वा गर्भित करारानुसार राखावयाच्या गुणवत्तेतील उणिवेचा उल्लेख असल्याने मालविक्री अधिनियमाची गर्भित शर्त येथे आपोआप प्रवेश करते. दोन कायद्यांतील एक अंतरही नोंदवावे. मालविक्री अधिनियमाखाली, माल स्वीकारल्यावर शर्तीचा भंग हा केवळ हमीचा भंग मानला जातो व नुकसानभरपाईच मागता येते. आयोग मात्र कलम ३९ खाली दोष काढून देण्याचा, वस्तू बदलण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. विक्रेता व उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखविण्याचा खेळ थांबतो. अध्ययनासाठी यंत्र घेणारी व्यक्ती 'ग्राहक' आहे, याविषयी वाद नाही. विभागाने घेतलेल्या यंत्रांविषयी विचाराल, तर लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निर्णयातील कसोटी पाहावी : नफा मिळविण्याच्या व्यवहाराशी खरेदीचा निकट संबंध होता काय?

तक्रारदार जेथे राहतो तेथेही आता तक्रार करता येते. त्यामुळे विक्रेता बंगळुरूचा असला तरी कोराडीच्या रहिवाशास नागपूरच्या जिल्हा आयोगात जाता येईल. ५० लाख रुपयांपर्यंतचा मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. निकाल तीन महिन्यांत, व परीक्षा करावी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा यत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षातील अनुभव वेगळा आहे.

राहिला मुदतीचा प्रश्न. कलम ६९ नुसार वादकारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. वादकारण केव्हा उद्भवले? ग्राहक म्हणेल, दोष कळला तेव्हा. विरुद्ध पक्ष म्हणेल, गर्भित शर्तीचा भंग सुपूर्दगीच्या दिवशीच झाला, असे तुम्हीच तर म्हणता. ग्राहकाचा मुख्य युक्तिवादच येथे त्याच्यावर उलटतो. या वादात न पडण्याचा उपाय म्हणजे खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदविणे. मग गणना कशीही करा, ती मुदतीतच येते. चौदाव्या महिन्यात यंत्र बंद पडलेल्या आपल्या विद्यार्थिनीपाशी या हिशेबाने दहा महिने आहेत, आणि त्यांतच लेखी कारण मागणे, दोघांना नोटीस देणे, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर तक्रार नोंदवून पाहणे, हे सर्व बसवावयाचे आहे. साहाय्यवाणीवरील पत्रव्यवहाराने कलम ६९ ची मुदत थांबत नाही.